निळ्या पोर्टमधलं कुंकू

मी एक जुना डेस्कटॉप संगणक आहे, मित्रांनो. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत बाळासो आण्णांचा लेथ यंत्रावर लोखंडी भाग कातायचा छोटा कारखाना आहे. तिथं पत्र्याच्या कपाटाशेजारी माझी जागा. सुट्या भागांची ड्रॉइंग दाखवायची, हे माझं काम. चौदा वर्षांत एक दिवस रजा घेतली नाही, पण कौतुक सगळं लेथचं! असो.

आण्णांचा एकुलता एक मुलगा विश्वजित फौजेत होता. मागच्या सुट्टीत त्यानं माझ्यासाठी निळ्या पोर्टचं नवं यूएसबी कार्ड आणलं, कारण माझ्या जुन्या पोर्टमधून त्याच्या मोबाइलमधले व्हिडिओ गोगलगायीच्या चालीनं उतरत होते. त्यानं झाकण उघडलं, धूळ फुंकली आणि मोकळ्या स्लॉटमध्ये कार्ड दाबून बसवलं. वीज देणारी वायर मात्र जोडायची विसरला. मग मीही कार्डाला ओळख दाखवेना! तो हसला, वायर जोडली आणि व्हिडिओ भराभर उतरले. मला किती आनंद झाला म्हणून सांगू!

"आण्णा, सगळं ह्यात टाकलंय. पर दुसरीकडं बी एक कॉपी काढून ठेवा," तो म्हणाला.

"ठेवतो की रं. घाई काय हाय?"

दोन महिन्यांनी डोंगरातल्या रस्त्यावर त्याची गाडी दरीत कोसळली. विश्वजित गेला. त्याचा मोबाइलही सापडला नाही. तेव्हापासून दुपारच्या सुट्टीत आण्णा डबा न उघडताच माझ्यासमोर बसू लागले. पडद्यावर विश्वजित बर्फात उभा राहून ओरडायचा, "आण्णा, बगा, लय बरफ हाय हितं!"

"कानटोपी घाल रं," आण्णा रोज उत्तर द्यायचे.

मग खंडेनवमी आली, यंत्रांच्या पूजेचा दिवस. आण्णांनी लेथ धुतला, त्याला झेंडूचा हार घातला. माझी पाळी आली तेव्हा त्यांनी मला वळवून माझी पाठ पुढं केली. पोरानं बसवलेलं कार्ड ते! त्याला त्यांनी सगळ्यांत मोठा मान दिला. फुलानं पाणी शिंपडलं आणि ओलं हळद-कुंकू बोटानं निळ्या पोर्टमध्ये भरलं. लोखंडाला हे सोसतं, मला नाही. बटण दाबताच माझ्या पोटातून धूर निघाला.

सांगलीहून दुरुस्तीला शिवांजलीताई आल्या. त्यांनी दोनदा तपासलं. "काका, डिस्क बी जळालीया. ह्यातलं आता काय निघत न्हाई."

आण्णांनी कुंकवानं माखलेल्या कार्डावर बोट ठेवलं. "माज्याच हातानं घालवला गं मी त्याचा आवाज."

मित्रांनो, जिवापाड जपायच्या गोष्टीची दुसरी प्रत आजच काढा आणि आमच्यासारख्यांची पूजा कोरड्या हातानं, बाहेरूनच करा. एवढं सांगून मी थांबायला हवं. पण मला अजून एक मागायचं आहे. आण्णांनी मला भंगारात दिलं नाही. रोज दुपारी ते माझ्या बंद पडद्यावर हात ठेवतात आणि लेकाची माफी मागतात. त्यांची चूक मायेपोटी झाली, हे मला ठाऊक आहे, पण बोलायला माझ्यात वीज उरलेली नाही. कधी कुपवाडला गेलात, तर तेवढं तुम्ही त्यांना सांगाल का?