बकेट खाली, लीव्हर मध्ये, किल्ली खिशात

मित्रांनो, मी एक जुना ट्रॅक्टर आहे. किती जुना, ते विचारू नका. माझ्या बॉनेटचा मूळ रंग कोणता होता यावर घरात अजून एकमत नाही, एवढे सांगितले तरी पुरे. सकाळी चालू होताना मी थोडा खोकतो, काळा धूर सोडतो आणि मग कामाला लागतो. या वयात तेवढी कुरकुर चालायचीच.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. एकीकडून इंजिन आले, दुसरीकडून चाके आली आणि अनोळखी हातांनी मला जोडून उभे केले. त्यांतला एकही चेहरा आता आठवत नाही. मला आठवणारा पहिला माणूस म्हणजे माझे मालक. तेव्हा ते तरुण होते. मला घरी आणल्यावर त्यांनी आधी माझ्याभोवती एक फेरी मारली, मग ते सीटवर चढले आणि बराच वेळ नुसतेच बसून राहिले. शेवटी त्यांच्या बायकोने दारातून विचारले, "चालवायचाय की उबवायचाय?" आता घरात सगळे त्यांना बाबा म्हणतात, म्हणून मीही बाबाच म्हणतो.

बाबांनी मला मन लावून शिकून घेतले. माझ्या ब्रेकची दोन पेडल आहेत, डाव्या चाकाचे वेगळे आणि उजव्या चाकाचे वेगळे. शेतात जागेवर वळायचे असेल तर एकच दाबायचे. रस्त्यावर जाताना मात्र दोन्ही कडीने जोडायची, नाहीतर एकच चाक थांबते आणि मी भलतीकडे फिरतो. बाबा शेताच्या फाटकापाशी आले की त्यांचा हात आपोआप त्या कडीकडे जायचा. एकदाही तो चुकला नाही. हे लक्षात ठेवा, पुढे मला याबद्दल बोलायचे आहे.

पुढे गोठा वाढला, गाई वाढल्या आणि चारा उचलून उचलून घरातल्यांच्या कमरा मोडू लागल्या. तेव्हा बाबांनी मला पुढून लोडर बसवला. लोडर म्हणजे दोन लोखंडी हात आणि त्यांच्या टोकाला रुंद बकेट. लीव्हर ओढला की तेलाच्या दाबाने सिलिंडरचे चकचकीत दांडे बाहेर सरकतात आणि अख्खा चाऱ्याचा गठ्ठा वर जातो; लीव्हर मधोमध आणला की तिथेच थांबतो. शेजारीपाजारी बघायला जमले होते. "याला आता फक्त चहा करता यायचा राहिलाय," असे कुणीतरी म्हणाले. मी वरवर शांत होतो, पण खरे सांगतो, हरभऱ्याच्या झाडावर चढलो होतो.

अशी वर्षे गेली. बाबांचे केस पिकले, माझे टायर गुळगुळीत झाले. आणि मग माझ्यात एक बिघाड शिरला, तोही चोरपावलांनी.

एका दुपारी बाबांनी बकेटमध्ये चारा भरला. वासरांचे तोंड पोहोचू नये म्हणून बकेट उंच ठेवली, मला बंद केले आणि ते चहाला गेले. वर्षानुवर्षे ते असेच करत. त्या दिवशी मात्र बकेट हळूहळू खाली येऊ लागली. आवाज नाही, धक्का नाही. बाबा परतले तेव्हा खालची पत्र्याची पाण्याची टाकी चेपून ताटलीसारखी झाली होती आणि हातभर अंतरावर एक वासरू मजेत चारा खात उभे होते. टाकीचे जाऊ द्या. बाबांनी आधी त्या वासराला ओढून लांब नेले.

बाबांचा मुलगा मालाचा ट्रक चालवतो. आठवडाभर तो बाहेर असतो आणि रविवारी घरी येतो. त्याने सगळे ऐकून घेतले.

"बाबा, जाताना लीव्हरला हात लागला असेल तुमचा."

"नाही रे. मी हात लावला नाही."

"लागला असेल. आठवत नसेल तुम्हाला."

मुलगा वाईट नव्हता, उलट फार काळजी करणारा. त्याने सकाळीच माझी परीक्षा घेतली. मला चालू केले, बकेट वर उचलली, मला बंद केले आणि तो घड्याळ बघत उभा राहिला. बकेट जागची हलली नाही. रात्रभराच्या गारव्याने माझे तेल दाट झाले होते, ते झिरपणार कुठून? दुपारपर्यंत राबवून, तापवून बघितले असते तर तेल पातळ झाले असते आणि खरे कळले असते. पण परीक्षा सकाळची होती आणि त्यात मी पास झालो. मी पास झालो म्हणजे बाबा नापास झाले, हे मला उशिरा उमगले.

तेवढ्यावर तो थांबला नाही. आता आलोच आहे तर तेलही बघू, म्हणून त्याने मोजपट्टी बाहेर काढली. बकेट वरच होती. म्हणजे माझे बरेचसे तेल सिलिंडरमध्ये चढलेले. पट्टीवर तेल कमी दिसणारच. त्याने मायेने वरून तेल ओतले. बकेट खाली आली, चढलेले तेल परत आले आणि माझ्या पोटात मावेना. दर रविवारी बकेटची परीक्षा आणि वरून तेल, हेच होऊ लागले. लोडरचे आणि मागच्या ॲक्सलचे तेल माझ्यात एकच, म्हणून जास्तीचे तेल वाट शोधत ॲक्सलच्या रबरी सीलमधून झिरपले आणि डाव्या ब्रेकच्या ड्रममध्ये उतरले. पुढच्या रविवारी पट्टीवर पुन्हा तेल कमी. "हा तेल फार प्यायला लागलाय," म्हणत तो पुन्हा ओतायचा. माझ्या तोंडाला कुलूप, मी काय करणार?

मित्रांनो, तेलाने माखलेला ब्रेक धरत नाही. बाबा दोन्ही पेडल जोडून दाबत, तेव्हा उजवे चाक थांबे आणि डावे तसेच पुढे सरके. एका संध्याकाळी फाटकातून आत येताना, कडी नेहमीसारखी लावलेली असूनही, मी असाच उजवीकडे ओढला गेलो आणि दगडी खांबावर जाऊन धडकलो. माझा दिवा फुटला. बाबांच्या कपाळाला टेंगूळ आले.

रविवारी मुलाने हात पुढे केला. "बाबा, पुरे आता. किल्ली द्या इकडे. उद्या काही झालं तर मी स्वतःला माफ करू शकणार नाही."

बाबांनी खिशातून किल्ली काढून दिली. ती स्वयंपाकघरातल्या खिळ्यावर गेली. एवढी वर्षे जी किल्ली त्यांच्या खिशात होती, ती आता मिरचीच्या डब्याच्या वर लटकू लागली.

नंतरचे दिवस आठवले की अजून मला वाईट वाटते. बाबा रोज माझ्यापाशी येऊन गोठ्याच्या पायरीवर बसत आणि स्वतःची परीक्षा घेत. आपल्याकडे कोणती गाय कोणत्या गाईनंतर आली, ते बोटांवर म्हणत. "शिंगमोडी. मग ठिपक्यांची. मग..." तिथे अडत. पुन्हा पहिल्यापासून सुरू करत, पुन्हा तिथेच अडत. टाकी चेपली त्या दिवसापासून त्यांना आणखी एक सवय लागली होती. मला बंद केले की ते स्वतःशी मोठ्याने म्हणत, "बकेट खाली, लीव्हर मध्ये, किल्ली खिशात." किल्ली गेल्यावरही ते हे म्हणत राहिले. शेवटच्या दोन शब्दांपाशी मात्र गप्प होत. त्यांना खरेच वाटू लागले होते की आपले डोके आपल्याला फसवते आहे. आणि फसवत होतो मी.

काम तर थांबणार नव्हते, म्हणून मला चालवायला सूनबाई बसली. ही बाई म्हणजे एक घाव दोन तुकडे. तिने कमरेला ओढणी खोचली, सीट पुढे ओढली आणि पहिल्याच दिवशी मला फाटकातून आत आणताना त्याच खांबावर, त्याच जागी नेऊन आदळले. उरलेला दिवाही गेला.

ती खाली उतरली आणि खांबाकडे बघत राहिली. "बाबा, याचं आणि या खांबाचं काही जुनं वैर आहे का हो?"

बाबा हसले नाहीत. "डावीकडं दाब जास्त लागतोय का गं?" त्यांनी हळूच विचारले.

"लागतोय? डावा ब्रेक नावालाच आहे!"

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिने चारा वाहिला. मी चांगलाच तापलो होतो. बकेट वर ठेवून, मला बंद करून ती हातपाय धुवायला गेली. परत आली तर बकेट गुडघ्याएवढ्या उंचीवर. तिने कमरेवर हात ठेवले.

"मी लीव्हरला बोटसुद्धा लावलं नाही! का मलाही आता म्हातारपण लागलं?"

पायरीवरचे बाबा उठून उभे राहिले. त्यांचा आवाज बदलला होता, जुन्या दिवसांतला झाला होता. "पुन्हा उचल. इंजिन बंद कर. आणि लांब ये. बकेटच्या खाली कुणी जायचं नाही, वासरांना पण हाकल."

त्यांनी खडूने सिलिंडरच्या चकचकीत दांड्यावर, अगदी कडेला, एक रेघ ओढली. मग दोघेही लांब उभे राहून बघू लागले. माझ्या आसपास कुणी नव्हते. लीव्हर मध्ये होता. आणि ती पांढरी रेघ हळूहळू सिलिंडरच्या आत जाऊ लागली. अर्धी गेली. मग सगळीच गेली.

बाबांनी हातातला खडू खिशात टाकला. मग म्हणाले, "म्हणजे त्या दिवशी मी..."

"नाही बाबा. तुम्ही नाही," सूनबाई म्हणाली. तिने पदरासारखे ओढणीचे टोक डोळ्यांना लावले आणि लगेच माझ्या चाकाला एक लाथ घातली. "हा सोदा!"

ती लाथ मी आनंदाने खाल्ली. इतके हलके मला आयुष्यात कधी वाटले नव्हते.

रविवारी मिस्त्री आला. त्याने मला आधी तापेपर्यंत राबवले. मग बकेट उचलून तिच्या हातांखाली भक्कम टेकू दिला, सिलिंडरकडे जाणारी नळी लीव्हरच्या व्हॉल्व्हपासून सोडवली, तिचे तोंड घट्ट बंद केले आणि टेकू काढला. आता बकेट तसूभरही उतरेना. "सिलिंडर ठणठणीत आहेत. हा व्हॉल्व्ह आतून घासलाय, तेल पाझरतंय," तो म्हणाला. नंतर त्याने माझे डावे चाक उतरवून ड्रम उघडला. आतून तेलाची धार लागली.

"एवढं तेल? कोण भरतं यात?"

"मी," मुलगा म्हणाला. "दर रविवारी. पट्टीवर बघूनच."

"बकेट वर असताना?"

मुलाने होकारार्थी मान हलवली. मिस्त्रीने त्याला समजावले की बकेट जमिनीला टेकल्याशिवाय तेल मोजायचेच नसते. मुलगा ऐकत होता, पण बघत होता बाबांच्या कपाळाकडे. टेंगूळ ओसरले होते, पिवळसर डाग उरला होता. "बाबा, मीच..." तो म्हणू लागला.

"अरे, काळजीच केलीस ना," बाबा म्हणाले. "जा, खराटा आण. तेल सांडलंय सगळं, कुणीतरी घसरेल."

मला नवे सील मिळाले, दोन्ही ब्रेकना नवे लायनर मिळाले, व्हॉल्व्ह बदलला. मोकळ्या मैदानात नेऊन, पेडल जोडून ब्रेक दाबला तेव्हा मातीत दोन्ही चाकांच्या खुणा सारख्या उमटल्या. मुलाने खिळ्यावरची किल्ली काढली आणि दोन्ही हातांनी बाबांपुढे धरली.

मला वाटले, आता सगळे पूर्वीसारखे होईल. पण माणसाचे सील बदलता येत नाही. बाबा मला चालवू लागले, तरी बंद करताना ते पुटपुटणे थांबेना. "बकेट खाली, लीव्हर मध्ये, किल्ली खिशात." म्हणायचे, दोन पावले जायचे, परत फिरून बघायचे. मनात शिरलेली ती शंका कोणत्याही पान्याने निघत नव्हती.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखे एखादे जुने यंत्र असेल आणि बाबांसारखे एखादे जुने माणूस असेल. काही बिघडले तर आधी यंत्राकडे बघा. ते ज्या वेळी बिघडते त्याच वेळी बघा. तेल मोजा, नळ्या तपासा, वर उचललेले खाली टेकवल्याशिवाय हलू नका. आणि "तुम्हाला आठवत नसेल" हे वाक्य अगदी शेवटी, दुसरे काहीच उरले नाही तर म्हणा. ते माझ्या बकेटपेक्षा जड असते आणि ज्याच्यावर पडते त्याला उचलायला कुठला लोडर मिळत नाही.

काल संध्याकाळी बाबा आणि सूनबाई चारा टाकून परतले. ठिपक्यांच्या गाईनंतर कोणती गाय आली होती यावर दोघांचा वाद चालला होता. बाबांना ते अजून आठवत नाही, पण आता ते हसून भांडतात. बोलता बोलता त्यांनी बकेट जमिनीवर टेकवली, लीव्हर मध्ये आणला, किल्ली काढून खिशात टाकली आणि भांडतच ते घराकडे चालू लागले. मी वाट बघत राहिलो. ते वळले नाहीत, पुटपुटले नाहीत.

बाबा विसरले होते.