सहा परसांची वात

उंब्रजच्या रानात हिरीच्या काठाला बसून आकारामनं खडूनं दगडावर लिवलं: वात = ३ख. पलटणीत सुरुंगवाल्यांत लढाई काढून तो गेल्या सालीच घरी आला हुता. अक्षरं धरून हिशेब करायला तिथंच शिकला. ख म्हंजी हिरीची खोली, परसात. एक माणूसभर खोली म्हंजी एक परस. सुरुंगाला दर परसामागं तीन मुठी लांब वात ठेवायची, तवा पेटवणारा वर येऊन लांब पळस्तवर ती जळत ऱ्हाती.

"खोली किती धरलीस?" थोरला भाऊ गुंडा कमरेला खुरपं खोवत म्हणाला.

"मागल्या बारीला चार परस हुती. तवापास्नं दोन आणिक उतरलोय."

ख पुसून त्याच्या जागी आकारामनं चार अधिक दोन मांडलं. तीन चोक बारा, बारा आन् दोन चौदा. चौदा मुठी वात कापून त्यानं गुंडाच्या हातात दिली.

"मागं बारा दिली हुतीस. आज खोल गेलो, तरी चौदाच व्हय रं?"

"दादा, हिशेबानं आलंय. उतर तू."

"उतरतो बाबा. तू सायबाच्या हाताखालचा, आमी ढेकळं फोडणारं."

हसतच गुंडा तळाच्या खडकातल्या सुरुंगाच्या भोकाला वात लावायला दोराच्या शिडीनं खाली गेला. त्याची बायको शालूबाई बैलं घेऊन लांब बाभळीखाली थांबली.

आकाराम काठावर वाट बघत बसला. नजर सारखी त्या आकड्यांवर जायाची. चार परसाला बारा मुठी. मग खालच्या दोन परसाला दोनच कशा? त्यास्नी सहा नगंत?

तिनानं नुसतं चाराला गुणलं हुतं, दोन तसंच बाहेर पडलं हुतं. पलटणीतला मास्तर अक्षराच्या जागी काय बी घालायच्या आदी कंस घालायला लावायचा. ३(४+२). दोघांस्नी आत घ्यायचं, मग समद्याला गुणायचं. अठरा. चार मुठी वात कमी पडली हुती.

"पेटली रं!" खालनं आवाज आला.

आकाराम पालथा पडून वराडला, "दादा, चढू नगंस! वात काप! भोकापाशी काप!"

"थट्टा करतुयास व्हय?"

"माजा हिशेब चुकला! तू वर पोचत न्हाईस!"

गुंडाचा एक पाय शिडीवर हुता. त्यानं वर बघितलं, मग फुसफुसत्या वातीकडं. त्यानं उडी टाकली. खुरपं बोथट हुतं. एकदा घासलं, दोनदा घासलं, वात तुटंना. आकारामला वरनं नुसती भावाची वाकलेली पाठ दिसत हुती.

"तुटली!"

वर आल्या आल्या गुंडानं त्याच्या कानाखाली एक सणसणीत ठेवून दिली. मग खालीच बसला. शालूबाई पळत आली. "आवं, काय झालं?"

"तुज्या दिराला इचार."

आकारामनं दगडावर कंस घातला, अठरा मुठी मोजल्या, परत मोजल्या.

"आता मी उतरणार न्हाई," गुंडा म्हणाला.

"तू कशाला? माजी वात, मीच पेटवतो."

खाली उतरून, कापल्या वातीचं भोक सोडून शेजारच्या भोकात नवं काडतूस ठासून आकारामनं काडी ओढली. शिडीला हात घातला तसा वरनं गुंडा बोंबलायला लागला, "हल की रं मुडद्या! हल!" काठाशी त्यानं आकारामच्या सदऱ्याची गळपट्टी धरली, वर वडला, बाभळीमागं फरपटत नेला.

दोघं मातीत तोंड घालून पडले. आवाज काय हुईना.

"इझली का काय रं?"

"न्हाई दादा. अजून येळ हाय."

मग रान हादरलं. वरनं दगडं पडायची थांबली, तरी गुंडानं सदरा सोडला न्हवता.