पंचवीसपैकी एकवीस

कडुबाच्या आधीची दोन पोरं गेली, म्हणून पारूबाईनं तिसऱ्याचं नाव कडुबा ठेवलं. कडू घास यम तोंडात घेत नाही म्हणे. धाकट्याचं नाव मात्र तिनं हौसेनं बद्रीनाथ ठेवलं. कडुबा सातवीत दोनदा गटांगळ्या खाऊन पाचोडच्या शेतात राबायला लागला आणि त्याच्या घामावर शिकून बद्रीनाथ शहरात कारकून झाला.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत दोघंही एकाच आठवड्यात तापले. बद्रीनाथनं भावाला शहरात बोलावलं, ओळखीनं नंबर लावला आणि दोघांच्या छातीचा सिटी स्कॅन काढून घेतला. दुपारी सेंटरबाहेरच्या लिंबाखाली त्यानं दोन्ही पाकिटं फोडली. त्या दिवसांत जो तो स्कोअरच विचारायचा. फुप्फुस जितकं खराब तितका आकडा मोठा, हे बद्रीनाथला पक्कं ठाऊक होतं. त्याचे साहेब अठरा स्कोअरवरच वारले होते.

"किती पडले?" कडुबानं विचारलं.

"तुला एकवीस. मला सहा."

"कितीपैकी?"

"पंचवीस."

कडुबा खोकला येईपर्यंत हसला. "आयला, जन्मात पहिल्यांदा पास झालो. अन् तू हुशार, तू नापास?"

'दादा, उलटं असतं हे,' असं बद्रीनाथच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण सकाळीच एका दवाखान्यातून ओळखीच्या माणसाचा निरोप आला होता, की ऑक्सिजनचा एकच बेड आहे, लगेच या. आजचे सहा उद्या सोळा व्हायला कितीसा वेळ लागतो, या भीतीनं त्यानं दोन्ही रिपोर्ट परत पाकिटांत सरकवले. तो खोटं एक अक्षर बोलला नाही, हे खरं. गप्प बसायला शाळा लागत नाही. पण त्या दुपारी त्याचं सगळं शिक्षण गप्प बसण्याच्याच कामी आलं.

"सकाळी निरोप आला तो बेड तू घे," कडुबाच म्हणाला. "मला काय धाड भरलीय?"

बद्रीनाथ दवाखान्यात गेला. कडुबानं स्टँडवर पावशेर पेढे घेतले आणि पाचोडची जीप धरली. पेढे गल्लीत वाटले. पाचव्या दिवशी अंगणातल्या बाजेवर तो गेला. शेवटी त्याला श्वास पुरत नव्हता.

दहाव्याला बद्रीनाथ गावी आला, तो ठणठणीत होऊन. पारूबाई कपाळ बडवून येईल त्याला सांगत होती, "एकवीसवालं नेलं अन् सहावालं ठिवलं. देवाघरी न्याव नाय."

कडुबाची बायको सारजाबाई तेवढी रडत नव्हती. पाहुणे पांगल्यावर तिनं उशीखालून एक पाकीट काढलं.

"काल माझ्या भावानं नेऊन माझाबी काढला, भाऊजी. अठरा आलेत. तो म्हनतो, शहरात दाखवू. मी म्हनलं, आधी भाऊजींना इचारू, ते शिकलेले हायेत. चांगले हायेत ना?"

बद्रीनाथनं पाकीट हातात घेतलं. पारूबाई त्याच्या तोंडाकडं बघत होती. अठरा वाईट म्हटलं, तर एकवीसचा जाब द्यावा लागला असता.

"व्हय, वहिनी," तो म्हणाला. "चांगले हायेत."

"मंग कशाला जायाचं," सारजाबाई म्हणाली. पदरात खोकला दाबून ती त्याला जेवायला वाढायला उठली.