नळवाल्याच्या पोटातली एकमार्गी वाट

या मित्रांनो, असे जवळ सरकून बसा. जिचं नावही तुमच्या कानावर पडलं नसेल, तिची गोष्ट आज सांगते.

मी एक जुनी लसीकावाहिनी आहे. केसाहून बारीक. एका नळवाल्याच्या मोठ्या आतड्याच्या भिंतीत माझा मुक्काम. तो आईच्या पोटात होता तेव्हाच देवानं मला घडवलं आणि एकच काम सोपवलं: भिंतीत झिरपलेलं पाणी गोळा कर, पुढे रक्तात पोचव. माझ्या आत इवल्याशा झडपा आहेत, त्यामुळे पुढे गेलेलं मागे येत नाही. हृदयाचे गोडवे सगळे गातात, माझी कुणाला खबरही नसते. मला त्याचं वाईट वाटलं नाही. त्रेपन्न वर्षं इमानानं पाणी वाहिलं.

माझा धनीही तसाच कामसू. भिंतीला नुसता तळहात लावून ओल कुठून येते ते सांगायचा.

मग माझ्या शेजारी मांसाचा एक कोंब उगवला. शौचातून रक्त पडू लागलं. डॉक्टरीणबाईंनी दुर्बीण घालून कोंब काढला, त्याच्याबरोबर माझं एक टोकही गेलं. आठवड्यानं तपासणीचा कागद आला.

"कॅन्सर होता, पण अगदी सुरुवातीचा. कोंब पूर्ण निघालाय," बाई म्हणाल्या. "पण एका बारीक वाहिनीत त्याच्या पेशी दिसल्यात. पुढे गेल्या असतील, नसतीलही. माझं ऐकाल तर तेवढं आतडं जवळच्या ग्रंथींसकट काढून टाकू."

ती वाहिनी मीच, मित्रांनो.

"बाई, गळती थांबली की मी भिंत फोडत नाही," नळवाला म्हणाला. "उगाच कुणाचं घर कशाला खणायचं?"

घरी बायको कडाडली. "अहो, पोट म्हणजे काय न्हाणीघर आहे?"

"अगं, रक्त थांबलं, भूक लागते. अजून काय हवं?"

"लोकांच्या भिंतीवर दहादा हात फिरवता. स्वतःची मात्र लांबूनच बरी दिसते!"

तो हसला, नळ खोलायचा पाना उचलला आणि कामावर गेला.

माझ्या उरलेल्या भागात त्या पेशी होत्याच. मला ओरडता येत नाही, ओझं निवडता येत नाही. आलेलं पुढे न्यायचं, एवढंच मला शिकवलेलं. मी नेलं. वाटेतल्या ग्रंथीत पहारेकरी पेशी असतात, त्याही हरल्या. तिथून ते दुखणं यकृतात गेलं.

वीस महिन्यांनी डॉक्टरीणबाईंनी पोटाचा फोटो पाहिला आणि चष्मा काढून ठेवला. "आता कापून उपयोग नाही. औषधानं थोडे दिवस वाढतील."

परवा नळवाल्यानं घरच्या स्वयंपाकघरातल्या नळामागची झडप खोलली. पुसून परत बसवली.

"बघ," तो बायकोला म्हणाला, "इकडून गेलेलं परत येत नाही. जन्मभर हेच बसवत आलो गं मी."

तिनं त्याच्या हातातला पाना घेतला.

मित्रांनो, रक्त थांबलं म्हणजे वाट बंद झाली असं समजू नका. डॉक्टर आणखी काही सांगत असतील तर उठू नका, शेवटपर्यंत ऐकून घ्या. माझ्या हाती आता काही नाही. मी अजून वाहते आहे, त्याच्याबरोबरच थांबेन. तुम्ही एवढंच करा: घरचा नळ बंद केल्यावर एक थेंबही गळला नाही, तर तो बसवणाऱ्याची क्षणभर आठवण काढा.