मागच्या कप्प्यातले निनावी

आश्विनाचे ऊन दापोलीवर उतरते तेव्हा त्याला कसलीच घाई नसते. पावसाने धुऊन ठेवलेल्या आकाशातून ते सावकाश खाली येते. सुरूच्या शेंड्यांवर क्षणभर थबकते, अंगणाभोवतीच्या जांभ्या दगडाच्या गडग्यावरच्या सुकत्या शेवाळाला कुरवाळते, आणि मग एखाद्या ओळखीच्या पाहुण्यासारखे न विचारता स्वयंपाकघरात येऊन बसते.

वसुबारस दोन दिवसांवर आली होती. दारोदार गाद्या उन्हात पसरल्या होत्या, चिंचेने घासलेली तांब्या-पितळेची भांडी अंगणात लखलखत होती. आणि कुमुदबाई, पाठ किंचित वाकलेल्या, केस कापसासारखे शुभ्र, फ्रीज रिकामा करत होत्या.

एकेक वस्तू बाहेर येत होती, आणि एकेक नाव त्यांच्या ओठांवर येत होते. ही आमसुले. हे ओले खोबरे. ही परवाची कुळथाची पिठी. वस्तूला नावाने हाक मारून मगच ती ओट्यावर ठेवायची, ही बाईंची जुनी सवय. सारा जन्म त्यांनी लहान मुलांना हेच तर शिकवले होते. नाव आठवत नसले तर घाबरायचे नाही, बाळांनो. आधी रंग सांगा. मग वास सांगा. मग हात लावून सांगा. नाव लाजरे असते. ते सर्वांत शेवटी येते, पण येते.

आणि मग, अगदी मागे, हिमाने पांढऱ्या झालेल्या भिंतीला बिलगून बसलेला, एक छोटा स्टीलचा डबा हाताला लागला.

झाकण निघाले. आत एक गोळा होता.

रंग? भिजल्या मातीचा, तपकिरी, मध्येच पांढुरक्या ठिपक्यांचा. वास? गुळाचा, अगदी पुसट. आणि त्याच्या मागून काहीतरी जळल्याचा. स्पर्श? दगड. माथ्यावर एक खळगा, खळग्याची कड काळी, आणि एका बाजूला उंदराने कुरतडल्यासारखी खाच.

नाव?

बाई थांबल्या. ऊन थांबले. गडग्यावरचा बुलबुलही जणू थांबला. नाव आले नाही.

त्यांनी पुन्हा सुरुवात केली, वर्गातल्या सर्वांत मंद मुलासाठी करावी तशी, न चिडता, न रागावता. रंग. वास. स्पर्श. आणि पुन्हा त्या शब्दापाशी नुसता अंधार. पाटी पुसल्यावर उरतो तसा ओलसर, काळा, कोरा अंधार.

तेवढ्यात सून स्नेहल झाडू घेऊन आली. डब्यात डोकावली.

“आई, हे काय हो?”

“मला वाटलं, तू ठेवलंस.”

“मी नाही बाई. तुम्हीच ठेवलं असेल आणि विसरला असाल.” स्नेहल सहज म्हणाली. “टाका ते. त्याला आता कुत्रंसुद्धा विचारणार नाही.” आणि ती जाळी काढायला माजघरात गेली.

सहज म्हटलेले वाक्य. पण पाण्यात खडा पडावा तसे ते बाईंच्या आत पडले, आणि वलये दूरवर जात राहिली.

कारण शकूताईचे असेच झाले होते. त्यांची थोरली बहीण, सुगरण, हसरी, गावाची अन्नपूर्णा. तिच्या फ्रीजमध्ये एकदा झाकलेल्या वाट्याच वाट्या निघाल्या. साऱ्यांत तीच अळूची भाजी, साऱ्या तिनेच ठेवलेल्या, आणि एकही तिला ठाऊक नाही. सगळे तेव्हा हसले होते. शकूताईही हसली होती. मग भाज्यांची नावे गेली. मग भाचरांची. मग एका निळ्या, निवांत सकाळी तिने कुमुदच्या तोंडाकडे पाहिले, आणि अतिशय आदराने विचारले, “आपण कोणाकडच्या?”

बाईंनी गोळा कचऱ्याच्या डब्यात टाकला. हात धुतले. पुन्हा धुतले. मग मागच्या पायरीवर येऊन बसल्या, आणि अंगणाची परीक्षा घेऊ लागल्या. ही अबोली. ही गोकर्ण. तो सोनटक्का. ही कर्दळ. नावे येत होती, एकेक, आज्ञाधारक. पण आलेल्या प्रत्येक नावाकडे त्या आता संशयाने पाहत होत्या. तू आज आलेस. उद्या येशील का? रेवाचे नाव, नातीचे नाव, त्यांनी पदराच्या टोकाला गाठ मारावी तसे मनात घट्ट बांधले.

उन्हे कलली. शाळा सुटली. दप्तर एकीकडे, चपला एकीकडे टाकून रेवा घरात शिरली, पेन्सिलीला टोक करायला कचऱ्याच्या डब्यापाशी गेली, आणि तिथेच खिळली.

“आजी, बाबांचा दिवा कुणी टाकला?”

बाई उठल्या. “कुठला दिवा गं?”

रेवाने तो गोळा दोन्ही तळहातांवर उचलून आणला, पाखराचे पिल्लू आणावे तसा. डोळे भरलेले, नाक लाल. “दिव्यांच्या अवसेचा. तू केले होतेस ना, कणकेचे?”

आणि नाव आले.

आषाढातली ती अवस. बाहेर कोसळता काळोख, आत वाफाळते दिवे. कणकेचे, गुळाचे, उकडलेले. या घरात माणशी एक दिवा. जहाजावर गेलेल्या मुलाच्या, हृषीकेशच्याही वाटणीचा एक, कारण माणूस समुद्रावर असले म्हणून मोजणीतून गळत नाही. तुपाची ज्योत लावायची, ओवाळायचे, आणि निवल्यावर तूप घालून खायचे. जो घरी नाही, त्याचा दिवा सर्वांत धाकट्याने खायचा, अशी या घरची रीत.

“तुला म्हटलं होतं ना, बाबांचा तू खा?”

“हो. पण मग बाबांना काय?”

“आणि मला म्हणालीस, खाल्ला म्हणून.”

“थोडा खाल्ला,” रेवाने खाच दाखवली. “मग लपवून ठेवला. अगदी मागे. कुणालाच सांगितलं नाही.”

झाडू टेकून स्नेहल दारात उभी होती. “तरीच. या बाईसाहेबांनी दुसऱ्या दिव्याला तूप मागितलं नाही, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.”

बाई हसल्या. आधी ओठांत, मग डोळ्यांत, मग साऱ्या अंगाने. हसता हसता खांबाला टेकल्या. त्या विसरल्या काहीच नव्हत्या. जे ठेवलेच नाही, ते आठवणार कसे? छातीवर दिवसभर बसलेली शिळा, त्या इवल्या कणकेच्या दगडाएवढी होऊन, नातीच्या तळहातावर निमूट बसली होती.

“आता तो खाता येणार नाही,” रेवा मुसमुसली.

“खाता येणार नाही,” बाई म्हणाल्या, आणि पदराने तिचे नाक पुसले. “पण दिवा खाण्याआधी काय करतो आपण?”

रेवाने विचार केला. बाईंनी वाट पाहिली. उत्तर येईपर्यंत वाट पाहणे, हे त्यांना फार चांगले येत होते.

“लावतो,” रेवा म्हणाली.

वसुबारसेच्या सांजेला फाटक करकरले. दिवाळीला येतो म्हणून कळवलेला हृषीकेश, मिठाने आणि वाऱ्याने काळवंडलेला, खांद्यावर बॅग, पायरीखाली उभा राहिला. रेवाच्या हातात ताम्हन होते. ताम्हनात तो दिवा. पुसलेला, तुपाने भरलेला, खाचेचा, कठीण, काळसर, जुना. त्याच्या माथ्यावर ज्योत मात्र आजची होती.

ज्योत वर गेली, खाली आली. आणि तिच्या गोल, सोनेरी, हलत्या उजेडात कुमुदबाई मनातल्या मनात एकेक नाव घेत राहिल्या, सावकाश, न घाबरता. ही कणीक. हा गूळ. ही रेवा. ही स्नेहल. हा माझा हृषीकेश. ही मी.