बहिऱ्या बेटाची पाटी

बेटाला बहिरं बेट म्हणतात आणि त्या नावावर आज निम्मं बेट पोट भरतं. बहिरं बेट बेकरी, बहिरं बेट सायकली, बहिरं बेट लॉज, खाली आणखी ‘इथे तुम्हाला कुणी हाक मारणार नाही!’ लाज कोळून प्यायलेली माणसं सगळी. पाट्या मात्र साऱ्या पाटीवालीनेच रंगवलेल्या. पोटासाठी रंगवल्या, पण दर अक्षराला मनातल्या मनात एक शिवी हासडून.

कारण हे नाव कसं पडलं, ते तिला आत्याने सांगितलं होतं. पन्नास वर्षांपूर्वी भर सकाळी धक्क्यासमोर प्रवासी लाँच बुडाली. अकरा माणसं तासभर ओरडत होती, त्यांत आत्याचा नवरा. अख्खं गाव किनाऱ्यावर उभं राहून बघत होतं. खडकांच्या भीतीने एकानेही होडी काढली नाही. तेव्हापासून पलीकडचे लोक थुंकून म्हणायला लागले, बहिऱ्यांचं बेट.

आता व्यापारी मंडळाला धक्क्याच्या भिंतीवर या नावाची गोष्ट लिहून हवी होती. मंडळाचा अध्यक्ष म्हणजे लॉजवाला शेठ. त्याने मजकूर दिला: लाटांच्या संगीतात रमलेल्या इथल्या मच्छीमारांना दुसरं काही ऐकूच येत नसे...

“संगीत म्हणे!” पाटीवालीने कागद त्याच्या टेबलावर भिरकावला. “शेठ, अकरा जीव गेले. लिहीन तर खरं लिहीन, नाहीतर दुसरा रंगारी बघा.”

बेटावर दुसरा रंगारी नव्हता. तरी शेठ चिडला नाही.

“लिही की, ताई. पण मग पुरतं लिही. त्या सकाळी धक्क्याला दोनच होड्या होत्या. एक माझ्या आजोबांची. दुसरी कुणाची, ते घरी विचार.”

ती तडक घरी आली. आत्या शेंगा सोलत बसली होती.

“आत्या, बाबांची होडी तेव्हा दुरुस्तीला होती ना?”

“तसं तुझी आई सांगायची.” आत्याने मान वर केली नाही. “धक्क्यालाच बांधलेली होती. मी त्याचे पाय धरले. म्हणाला, माझी पोर पाळण्यात आहे, मी नाही मरायला जाणार.”

“आणि तू जन्मभर त्याच्याच घरात राहिलीस?”

“मग कुठे जाणार होते? त्याने वाढलेलं गिळत राहिले. तो गेला तेव्हा रडलेसुद्धा, चार लोक बघत होते म्हणून.”

पाटीवालीला स्वतःचीच किळस आली. दुसऱ्या दिवशी सकाळीच तिने धक्क्यावर शिडी लावली आणि हातभर उंचीच्या अक्षरांत लिहिलं: अकरा जण ओरडत होते. सगळ्यांना ऐकू येत होतं. होड्या दोन होत्या. त्याखाली बापाचं पूर्ण नाव, आडनावासकट.

शेठ धापा टाकत आला. “अगं, सख्ख्या बापाची अब्रू वेशीवर टांगतेस?”

“खाली जागा सोडली आहे, शेठ. आजोबांचं नाव तुम्ही लिहिता, की मी लिहू?”

शेठ ब्रशाकडे बघत नुसता उभा राहिला. मग तिनेच लिहिलं.