तिसऱ्या सिलेंडरचा जुना प्लग

मी एक जुना स्पार्क प्लग आहे. या मित्रांनो, बसा. मी काही उठून स्वागत करणार नाही. जन्मभर उभ्याने नोकरी केली, आता आडवा पडलोय तो पडलोय.

माझं काम सांगायला सोपं, करायला जीवघेणं. इंजिनात पेट्रोल आणि हवा येते, पिस्टन वर येऊन ती दाबतो, आणि नेमक्या वेळी मी ठिणगी टाकतो. पेट्रोल पेटतं, पिस्टन खाली ढकलला जातो, चाकं फिरतात. गाडी जोरात असली की सेकंदाला पन्नास ठिणग्या. लोक म्हणतात, काय गाडी पळते! प्लगचं नाव कोणी काढल्याचं मला आठवत नाही.

कारखान्यातून निघालो तेव्हा माझी चिनीमाती दुधासारखी पांढरी होती. पोलादी अंग, खाली आटे, टोकाशी बारीक फट, आणि अंगावर छापलेला नंबर. तो नंबर म्हणजे आमचा स्वभाव. काही प्लग थंड स्वभावाचे असतात. अंगावर आलेली उष्णता लगेच इंजिनाकडे सोडून देतात आणि मोकळे होतात. आम्ही गरम स्वभावाचे ती थोडी धरून ठेवतो, म्हणून टोकावरची काजळी आपोआप जळून जाते. सिग्नलला थांबत, रखडत चालणाऱ्या गाडीला आम्हीच बरे. स्वभावाला औषध नसतं, हे माणसांइतकंच आम्हालाही लागू आहे.

मला एका मिस्त्रींनी आपल्या लेकीच्या गाडीत बसवलं. चार सिलेंडर, चार प्लग, त्यात मी तिसरा. मिस्त्रींची एक पद्धत होती. दर सर्व्हिसला ते आम्हाला खोलायचे आणि भिंगातून वाचायचे. प्लग काळा असेल तर पेट्रोल जास्त जातंय, पांढरा फटक असेल तर आत आग वाढलीय, आणि भाजलेल्या बिस्किटासारखा असेल तर सगळं आलबेल. मी कायम बिस्किटी. ‘ह्याला म्हणतात प्लग,’ असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचे. खोटं कशाला बोलू, त्या एका वाक्यावर मी पुढचे कित्येक महिने रेटायचो. आम्हाला बदलायची वेळ आली आणि गेली. ‘चालत्याला कशाला हात लावायचा?’ म्हणत त्यांनी आम्हाला पुसलं आणि पुन्हा बसवलं. कौतुकाचा एक तोटा असा असतो की सुट्टी मिळत नाही.

लेक वडिलांच्याच हाताखाली शिकली आणि मग लॅपटॉप घेऊन त्यांच्या दोन पावलं पुढे गेली. तिच्या गाडीला टर्बो होता. टर्बो म्हणजे इंजिनाच्या धुरावर फिरणारा पंखा. तो इंजिनात हवा कोंबतो. तिने ही कोंबाकोंबी वाढवली, त्या मापाने पेट्रोल वाढवलं, आणि तीन वर्षांच्या सगळ्या सुट्ट्या त्या इंजिनात घातल्या. घाटातल्या शर्यतीत तिचं नाव लागलं होतं. शर्यत त्या रविवारी होती. इंजिनाच्या आसपासचं जवळजवळ सगळं नवं झालं होतं, फक्त आम्ही चौघे जुने होतो.

गुरुवारी मिस्त्रींची थोरली बहीण आली. शेजारचं स्पेअर पार्टचं दुकान तिचं. लेकीची ती आत्या, आणि तिची जीभ म्हणजे पॉलिश पेपर. तिने चार डब्या टेबलावर ठेवल्या.

“हे घे. तुझ्या प्लगपेक्षा दोन नंबर थंड आहेत. एवढी हवा कोंबताय, जुने भाजून निघतील.”

आम्ही चौघे तेव्हा खोललेलेच होतो. मिस्त्रींनी मला वर धरलं. “रंग बघ ताई. ह्याला काढून टाकू?”

“रंग छानच आहे रे. पण तो भाजी आणायला गेल्याचा रंग आहे. डोंगर चढल्याचा नाही.”

“थंड प्लग गावात काजळी धरतात. सोमवारी हीच म्हणेल, बाबा, गाडी अडखळते.”

“सोमवारचं सोमवारी बघू,” लेक म्हणाली. “बाबा, मला वाटतं आत्याचं...”

“तुला वाटतं. मी तीस वर्षं वाचतोय.”

ज्याने पाना धरायला शिकवलं त्याच्या हातातून पाना कसा काढून घ्यायचा, हे लेकीला जमेना. आत्याने डब्या तिथेच ठेवल्या आणि जाताना म्हणाली, “हट्ट मात्र बापाच्या वळणावर गेलाय.” हे ती भावाबद्दल बोलली.

शुक्रवारी गाडी बाहेर काढली तर जोर लावताच धक्के खात मिसिंग मारायला लागली. दाबाखाली आमची ठिणगी विझत होती. वाऱ्यात काडी विझते तशी. मिस्त्रींनी आमच्या टोकांची फट थोडी कमी केली. मिसिंग गेलं, गाडी सुसाट निघाली. “झालं की नाही?” ते म्हणाले. झालं होतं, पण अर्धंच. फटीचं दुखणं बरं झालं म्हणून उष्णतेचं होत नाही. पण जिंकलेल्या माणसाला हे कोणी सांगायचं? मी तर प्लग.

शनिवारी सकाळी बाप-लेक घाटात चाचणीला गेले. मित्रांनो, तो चढ मी विसरणार नाही. लेकीने पाय दाबला, टर्बो शीळ घालत सुटला आणि माझ्या अंगावर अशी आग आली की जन्मात पाहिली नव्हती. ती सोडून देणं माझ्या स्वभावात नव्हतं. माझं टोक लाल झालं. मग जे कधी घडू नये ते घडलं. मी ठिणगी टाकायच्या आधीच, नुसत्या माझ्या लाल टोकावर पेट्रोल पेटू लागलं. पिस्टन बिचारा अजून वर येत होता आणि त्याच्या डोक्यावर घाव बसत होते. टक, टक, टक. त्याचं डोकं कडेला वितळू लागलं आणि ते चंदेरी कण माझ्या तोंडावर येऊन चिकटले. ज्याची सोबत करायची, त्यालाच मी मारत होतो. मला थांबायचं होतं, पण थांबणं माझ्या हातात नव्हतं.

“बाबा, ऐकताय?”

“पेट्रोल भिकार असेल. दाब, जाईल आवाज.”

लेकीने पाय काढला. उभ्या जन्मात पहिल्यांदा तिने गाडीबद्दल वडिलांचा शब्द मोडला. गाडी कडेला घेऊन इंजिन बंद केलं.

“प्लग काढून बघा.”

“अगं, परवाच तर रंग बघितला.”

“परवा बघितलात ती वेगळी गाडी होती, बाबा.”

मिस्त्रींनी मला काढलं. बोटं भाजली तरी सोडलं नाही. मी खडूसारखा पांढरा पडलो होतो, चिनीमातीवर फोड आले होते आणि त्यावर ते चंदेरी कण चमकत होते. त्यांनी भिंग लावलं, काढलं, पुसलं, पुन्हा लावलं. मग रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसले.

“पिस्टन आहे हा,” ते म्हणाले. “अजून दोन वळणं गेली असती तर भोक पडलं असतं.”

लेकीला ते आधीच कळलं होतं.

संध्याकाळी इंजिन उघडलं. तिसऱ्या पिस्टनच्या कडेला मसुराच्या डाळीएवढा खड्डा होता. इंजिन वाचलं, शर्यत गेली. लेकीने फोन करून नाव मागे घेतलं. मिस्त्री तिच्या मागे उभे होते.

“बापाने चुकीचे प्लग घातले म्हणून सांग.”

“कारण विचारत नाहीत, बाबा. फक्त नाव खोडतात.”

मिस्त्री हात धुवायला गेले आणि नळ कितीतरी वेळ चालूच राहिला. वाईट वाटलं मला. माझ्या रंगावर भाळून ते फसले होते, आणि त्या रंगाचा मला केवढा गर्व होता!

आता मी आत्याच्या दुकानात, काउंटरवर असतो. इथे मला मिस्त्रींनीच आणून ठेवलं. परवा एक गिऱ्हाईक आलं. नुकताच गाडीचा टर्बो वाढवून घेतलेला, आणि म्हणे, मागच्या वेळी दिले होते तेच प्लग द्या, फार छान चालले. मिस्त्री तिथेच चहा पीत होते. त्यांनी मला त्याच्या हातात दिलं. “हा पण फार छान चालायचा,” ते म्हणाले. “ही माझ्या हातची चूक आहे. शेजारी माझी लेक बसते, तिला गाडी दाखवा. आता नंबर ती सांगते.”

आत्याने एकही टोमणा मारला नाही. इतक्या वर्षांत मी हे पहिल्यांदाच पाहिलं.

मित्रांनो, मला आता काही नको, पडून राहू द्या म्हणजे झालं. एवढंच सांगतो. ज्याच्यावर दुप्पट भार टाकणार असाल, त्याच्या जुन्या शाबासक्या मोजू नका. आज त्याचं तोंड कसं दिसतंय ते बघा. आणि नुसतं ‘जमेल का’ असंही विचारू नका. मला त्या गुरुवारी कोणी विचारलं असतं, तर मीही ‘जमेल’ असंच म्हणालो असतो.